गुरं ‘लो’ करतात म्हणजे नक्की काय करतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवणारे एक सर विचारतात: अठराव्या शतकातला इंग्रज कवी टॉमस ग्रे याच्या ‘एलेजी’त, म्हणजे शोकगीतात, दुसऱ्याच ओळीत ‘लोइंग हर्ड’ येतं. वर्गातल्या एका मुलीने त्याचा अर्थ ‘मान खाली घालून चालणारी गुरं’ असा सांगितला, कारण ‘लो’ म्हणजे खाली. बाजारातल्या एका गाइडमध्येही हाच अर्थ छापलेला निघाला. तर ‘लो’चे हे दोन अर्थ एकमेकांतून निघाले आहेत का? गाईच्या आवाजाला ‘मू’ असताना इंग्रजीला ‘लो’ कशाला लागला? आणि मराठीत ही ओळ कशी आणावी?

आधी सरळ उत्तर देऊन टाकते. ‘लोइंग’ म्हणजे हंबरणारी. मानेशी, उंचीशी, हळू आवाजाशी त्याचा काडीचा संबंध नाही. ‘खालचा’ या अर्थाचा ‘लो’ आणि हंबरण्याचा ‘लो’ हे दोन स्वतंत्र शब्द आहेत. स्पेलिंग एक, उच्चार एक, पण घराणी वेगळी. त्या मुलीला मात्र नावं ठेवू नका. संध्याकाळी परतणारी गुरं मान खाली घालूनच चालतात, ओळीत पुढे ‘स्लोली’ आहे, सगळं चित्र तिच्या बाजूने आहे. गाइडवाल्याला ही सवलत नाही. त्याने कोश उघडायला हवा होता. कोणत्याही बऱ्या इंग्रजी कोशात ‘लो’च्या नोंदी वेगवेगळ्या असतात आणि प्रत्येकीच्या डोक्यावर बारीक आकडा असतो. तो आकडा म्हणजे कोशकाराने दिलेली सूचनाच असते, की हे शब्द फक्त दिसायला सारखे आहेत.

याहून फसवा असा दुसरा एक अर्थ आहे. तो मी चांगल्या वाचलेल्या माणसांकडूनही ऐकला आहे: ‘लो’ म्हणजे खालच्या पट्टीत आवाज काढणं, म्हणून हंबरणं. हे पटण्यासारखं आहे, कारण गाय खरोखरच खालच्या पट्टीत आवाज काढते. नॉटिंगहॅम आणि लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१४ च्या सुमारास गाई-वासरांच्या आवाजांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वासरू जवळ असलं की गाय तोंड मिटून किंवा अर्धवट मिटून खालच्या पट्टीत आवाज करते आणि वासरू दुरावलं की तोंड उघडून वरच्या पट्टीत ओरडते, असं त्यांना दिसलं. गोठ्यात वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. त्या अभ्यासात पहिल्या आवाजाच्या वर्णनात ‘लो’ हाच शब्द आहे आणि तो ‘खालचा’वाला आहे. आता इतका पुरावा हाताशी असल्यावर कुणालाही वाटेल, की हेच मूळ.

पण इथे तारखा आडव्या येतात. इंग्रज गाय ‘लो’ करायला लागली तेव्हा ‘खालचा’ या अर्थाचा ‘लो’ इंग्रजीत आलेलाच नव्हता.

इ.स. १००० च्या आसपास एल्फ्रिक नावाच्या एका मठवासी विद्वानाने मठातल्या मुलांसाठी लॅटिनचं व्याकरण लिहिलं, आणि तेही इंग्रजीतून, म्हणजे त्या काळच्या इंग्रजीतून. त्यात सुरुवातीलाच आवाजाचे दोन प्रकार सांगितले आहेत: एक अर्थ असलेला, म्हणजे माणसाचं बोलणं, आणि दुसरा मिसळलेला, अर्थाविना असलेला. आपल्याकडे ‘तर्कसंग्रह’ हा न्यायशास्त्राचा संस्कृत ग्रंथ शिकलेल्यांना वर्णात्मक आणि ध्वन्यात्मक शब्द आठवतील. तिथे ध्वनीचं उदाहरण नगाऱ्याचं आहे. एल्फ्रिकने दुसऱ्या प्रकाराची उदाहरणं दिली ती अशी: गुरांचं हंबरणं, घोड्यांचं खिंकाळणं, कुत्र्यांचं भुंकणं, झाडांचा कडकडाट. यातल्या हंबरण्यासाठी त्याने वापरलेला शब्द साधारण ‘येह्लो’ असा उच्चारायचा. त्यातला ‘ये’ हा तेव्हाचा उपसर्ग, उरलेला ‘ह्लो’ म्हणजे आपला ‘लो’. क्रियापद होतं ‘ह्लोवान’. सुरुवातीचा ‘ह’ लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

त्या काळी इंग्रजीत ‘खालचा’ म्हणायला ‘नेदर’च्या कुळातले शब्द होते. ‘नेदरलँड्स’ आणि ‘बिनीथ’मध्ये ते अजून दिसतात. ‘लो’ हे विशेषण आलं ते स्कँडिनेव्हियाहून. नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात डेन आणि नॉर्वेजियन लोक येऊन स्थायिक झाले. त्यांच्या भाषेत खालच्या गोष्टीला ‘लाग्र’ म्हणत आणि त्याचं मूळ ‘आडवं पडणं’ या अर्थाच्या धातूत आहे. इंग्रजीतलं ‘लाय’, म्हणजे पहुडणं, त्याचंच भावंड. शेजाऱ्यांच्या बोलण्यातून हा शब्द हळूहळू इंग्रजीत मुरला. लेखी इंग्रजीत तो बाराव्या शतकाच्या अखेरीस दिसायला लागतो आणि तेव्हा त्याचं रूप ‘लाह’ असं होतं. म्हणजे एल्फ्रिकच्या व्याकरणात गुरं हंबरून गेल्यावर जवळपास दोनशे वर्षांनी. हंबरण्याचा शब्द त्यातून निघाला असणं शक्यच नाही.

मग दोघांचं स्पेलिंग एक कसं झालं? दोन्ही शब्द आपापल्या वाटेने झिजत आले आणि एकाच जागी थांबले. ‘लाह’चा शेवटचा घशातला आवाज विरघळून ‘लोव’ झाला. ‘ह्लोवान’ची शेपटी गळाली आणि डोकंही गळालं. जुन्या इंग्रजीत ‘ह’ला ‘ल’, ‘र’, ‘न’ जोडलेले पुष्कळ शब्द होते. पावाला ‘ह्लाफ’ म्हणत, त्याचा ‘लोफ’ झाला. अंगठीच्या ‘ह्रिंग’चा ‘रिंग’ झाला. कवचाच्या फळाला ‘ह्नुतु’ म्हणत, ते ‘नट’ झालं. ‘लॉर्ड’ या रुबाबदार शब्दाचं मूळ तर ‘ह्लाफवेअर्ड’, म्हणजे भाकरीचा राखणदार. सगळ्यांचा ‘ह’ मधल्या काळात गेला.

तो जाताना पकडायचा असेल तर तेराव्या शतकातलं एक गाणं आहे, ‘सुमर इज इकुमेन इन’. त्याचं हस्तलिखित आता ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि ते रेडिंगच्या मठाशी जोडलं जातं. चार-चार जणांनी एकामागून एक उचलून गायचं हे गाणं उन्हाळा आल्याचा आनंद सांगतं. त्यात एक ओळ आहे: मेंढी कोकरामागे बें करते आणि ‘ल्हौथ आफ्टर काल्व कू’, म्हणजे गाय वासरामागे हंबरते. इथे लेखकाने ‘ह’ आधी न लिहिता ‘ल’नंतर लिहिला आहे. आवाज पूर्ण गेलेला नाही आणि धड उरलेलाही नाही, म्हणून लेखणी अडखळली आहे. त्याच गाण्याच्या धृपदात ‘ल्हूडे सिंग कुक्कू’ आहे, कोकिळे मोठ्याने गा. हे ‘ल्हूडे’ म्हणजे आजचं ‘लाउड’. त्याचंही तसंच अडखळलेलं स्पेलिंग. मला हे गाणं शिकवायला फार आवडतं. पुढच्याच ओळीत बोकड किंवा हरीण एक अशी कृती करतं, की शालेय आवृत्त्या तिथे ‘उड्या मारतो’ वगैरे छापून वेळ मारून नेतात. बहुतेक अभ्यासक मात्र तिथे वारा सरण्याचाच अर्थ घेतात आणि वर्ग एकदम जागा होतो.

आता ‘मू’चा प्रश्न. मला यातला खरा रस इथेच वाटतो.

आवाजाची नक्कल करून बनलेले शब्द कायम आवाजासारखेच राहतात, असा आपला समज असतो. ते राहत नाहीत. शब्द भाषेत आला की भाषेच्या झिजेला तोही लागतो. लॅटिनमध्ये पिल्लांच्या चिवचिवाटावरून ‘पीपिओ’ असा शब्द होता. तो फ्रेंचमधून इंग्रजीत पोचेपर्यंत ‘पिजन’ झाला, आणि ‘पिजन’ ऐकून कुणालाही चिवचिव आठवत नाही. कोकिळेच्या कुळातल्या त्या पक्ष्याला जुन्या इंग्रजीत ‘येआक’च्या जवळपासचं काहीतरी म्हणत. एकेकाळी ती नक्कल असेल, पण इतकी घासली गेली की पक्ष्याशी तिचा मेळ राहिला नाही. मग फ्रेंच वळणाचा ताजा ‘कुक्कू’ आला आणि जुना शब्द गेला. वरच्या गाण्यात आहे तो हा नवाच.

‘लो’चं हेच झालं. ‘ह्लोऽ’ म्हणताना निदान छातीतून हवेचा एक लोट तरी निघत असे. ‘ह’ गेल्यावर उरला ‘लो’, आणि कोणत्याही गाईने आजवर ‘ल’ उच्चारलेला नाही. ‘ल’साठी जिभेचं टोक वर टेकवावं लागतं. गाईचा आवाज मिटल्या ओठांमागून येतो, म्हणून जगभर त्याच्या नकलेत ‘म’ किंवा ‘ब’ सापडतो: लॅटिन ‘मूगिरे’, फ्रेंच ‘म्यूजिर’, संस्कृत ‘हंबा’, आपल्या लहान मुलांची ‘हम्मा’. इंग्रजीतही मग सोळाव्या शतकात ‘मू’ लेखी दिसायला लागतो. जुना शब्द आवाजापासून इतका लांब गेला होता, की नकलेसाठी नवा घडवावा लागला. जुना मेला नाही. त्याची बढती झाली म्हणा किंवा त्याला पेन्शन मिळाली म्हणा: ‘मू’ गोठ्यात आणि बालगीतात राहिला, ‘लो’ बायबलात आणि कवितेत गेला.

बायबलचा त्यात मोठा वाटा आहे. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात हा शब्द मोक्याच्या जागी आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात पलिष्टी लोक इस्राएल लोकांकडून हिरावून आणलेला कराराचा कोश, म्हणजे त्यांची पवित्र पेटी, परत पाठवतात. नव्या गाडीला दोन दुभत्या गाई जुंपतात आणि त्यांची वासरं घरी कोंडून ठेवतात. वासरांकडे न वळता गाई सरळ बेथ-शेमेशच्या रस्त्याला लागल्या, तर हे देवाचं काम समजायचं, अशी परीक्षा असते. गाई सरळ जातात, पण हंबरत हंबरत जातात. तिथे ‘लोइंग अ‍ॅज दे वेन्ट’ आहे. माझ्या मते ‘लो’चा इंग्रजीतला सर्वांत हृदयाला भिडणारा वापर हाच. वर सांगितलेला वासरू दुरावलेल्या गाईचा आवाज तो हाच, फक्त यंत्राशिवाय टिपलेला. पुढे त्याच पुस्तकात शौल राजा सगळी लूट नष्ट केल्याची थाप मारतो आणि शमुवेल त्याला विचारतो, मग माझ्या कानावर येतंय ते मेंढरांचं बें-बें आणि बैलांचं ‘लोइंग’ कसलं? ईयोबाच्या पुस्तकात प्रश्न आहे, की चारा समोर असताना बैल हंबरतो का? इंग्रजी बोलणाऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या चर्चमध्ये ही वाक्यं ऐकत होत्या. ‘मू’ रोजच्या बोलण्यात रुळला तरी ‘लो’ कानातून गेला नाही तो त्यामुळे.

क्रियापदाची चालही जाता जाता बघा. ‘ह्लोवान’चा भूतकाळ ‘ह्लेओव’ होता, ‘ग्रो’चा ‘ग्रू’ होतो त्याच चालीचा. कोंबड्याच्या आरवण्याला ‘क्रो’ आहे, त्याचा ‘क्रू’ १६११ च्या बायबलात अजून आहे. ‘लो’चा तसा ‘लू’ टिकला असता तर मजा आली असती, पण तो ‘लोड’ होऊन सरळमार्गी क्रियापदांच्या रांगेत बसला. मुलांना एवढंच सांगा, की ‘लोइंग’ हे ‘फ्लोइंग’ आणि ‘ग्रोइंग’च्या वजनाचं म्हणायचं.

आता थोडं आणखी मागे जाऊ. ‘ह्लो’ हा नुसता गाईचा आवाज नव्हता. त्याच्या पोटात ‘पुकारणं, हाक मारणं’ या अर्थाचा एक फार जुना धातू आहे, युरोपातल्या आणि भारतातल्या बऱ्याच भाषांच्या समान पूर्वज भाषेतला. त्याचं रूप ‘केल्’च्या जवळपासचं होतं. तो धातूच मुळात नक्कल असावा असं काही कोशकार मानतात. जर्मन वंशाच्या भाषांमध्ये जुन्या ‘क’चा ‘ह’ होतो, हा नियम याकोब ग्रिमच्या नावाने ओळखला जातो. परीकथा गोळा करणाऱ्या दोघा भावांपैकी तोच. लॅटिनमध्ये शिंगाला ‘कोर्नु’, इंग्रजीत ‘हॉर्न’. लॅटिनमध्ये कुत्र्याला ‘कानिस’, इंग्रजीत ‘हाउंड’. लॅटिनमध्ये शंभराला ‘केन्तुम’, इंग्रजीत ‘हंड्रेड’. त्याच हिशेबाने लॅटिनमध्ये ओरडण्याला ‘क्लामारे’ आणि जुन्या इंग्रजीत हंबरण्याला ‘ह्लोवान’. डच भाषेत ते आजही ‘लूयन’ म्हणून जिवंत आहे. डच गाय ‘लूयन’ करते आणि अँब्युलन्सचा भोंगाही ‘लूयन’ करतो. इंग्रजीने हा शब्द गुरांपुरता राखून ठेवला, डचांनी मोकळा सोडला.

‘क’ टिकलेल्या बाजूला नातेवाईक किती आहेत ते पाहण्यासारखं आहे. ‘क्लामारे’वरून फ्रेंचमार्गे ‘क्लेम’ आला, म्हणजे विमा कंपनीकडे आपण करतो तो दावाही मुळात ओरडाच आहे. एकत्र बोलावण्यावरून ‘काउन्सिल’. रोममध्ये महिन्याच्या पहिल्या दिवशी पुरोहित लोकांना जाहीरपणे पुकारून सांगायचे, की या महिन्यात ‘नोने’ हा पंचांगातला ठरलेला दिवस पाचव्या दिवशी आहे की सातव्या. या पुकारण्यावरून पहिल्या दिवसाचं नाव ‘कालेन्दे’ पडलं. कर्जाचे हप्ते त्या दिवशी चुकते करायचे, म्हणून सावकाराच्या हिशेबवहीला ‘कालेन्दारियुम’ म्हणू लागले, आणि तेच आपलं कॅलेंडर. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या चौकटीत ज्या घरांत अजून दुधाचा रतीब मांडला जातो, त्यांनी हिशेबवहीचा मूळ धर्म न कळत पाळला आहे. ग्रीकमध्ये ‘बाहेर बोलावलेल्यांची सभा’ ती ‘एक्लेसिया’. लॅटिनमधून पोर्तुगीजात ती ‘इग्रेजा’ झाली आणि गोव्यात चर्चला कोकणीत ‘इगर्ज’ म्हणतात ते त्यावरून. इगर्ज आणि गाईचं ‘लोइंग’ दूरचे चुलत आहेत, हे गोव्याच्या विद्यार्थ्यांना सांगितलं की ते हसतात आणि मग विसरत नाहीत.

संस्कृतातही या धातूची खूण सांगतात. कोंबड्याला ‘उषाकल’ असा एक शब्द कोशांत आहे, पहाटे साद घालणारा तो. इथे डोळे उघडे ठेवून वाचा: हा ‘उषःकाल’ नव्हे. त्यातला ‘काल’ वेळेचा आहे आणि या शब्दातला ‘कल’ आवाजाचा. अशी फसगत फक्त इंग्रजीतच होते असं नाही.

आणि हो, ‘लाउड’ला या कुटुंबात ओढू नका. ‘ल्हूडे’ आणि ‘ल्हौथ’ एका गाण्यात शेजारी आले, दोघांचाही ‘ह’ गेला, दोघांचाही आवाजाशी संबंध, तरीही मूळ वेगळं. ‘लाउड’ ऐकण्याच्या धातूतला आहे. संस्कृतातलं ‘श्रुत’ त्याचं सख्खं भावंड. ‘लाउड’ म्हणजे जे ऐकू गेलं ते आणि ‘लो’ म्हणजे जे पुकारलं ते.

इथे थांबता आलं असतं, पण तुमचा पुढचा हुशार विद्यार्थी नकाशा घेऊन येईल, म्हणून आणखी एक ‘लो’ सांगून ठेवते. इंग्लंडच्या गावांच्या नावात शेवटी येतो तो ‘लो’ खालचाही नाही आणि हंबरणाराही नाही. जुन्या इंग्रजीत टेकाडाला, विशेषतः मृतांवर रचलेल्या मातीच्या उंचवट्याला ‘ह्लाव’ म्हणत. म्हणजे या ‘लो’चा अर्थ जवळजवळ उलटा, उंच जागा. हीथ्रोला उतरलेल्या आपल्या लोकांना पहिल्यांदा भेटतं ते हाउन्स्लो यातलंच: कुणा ‘हुंद’ नावाच्या माणसाचं किंवा शिकारी कुत्र्याचं टेकाड. टॅप्लोला तर असं टेकाड १८८३ मध्ये खणलं आणि आत अँग्लो-सॅक्सन सरदाराचं सोन्याच्या बकलांसह दफन सापडलं. त्या वस्तू आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. गंमत अशी, की टॅप्लो आणि ग्रेच्या ‘एलेजी’शी जोडलं जाणारं, तो पुरला आहे ते स्टोक पोजिस, ही दोन्ही बकिंगहॅमशरच्या एकाच कोपऱ्यात आहेत. श्रॉपशरमधल्या लडलो गावाच्या नावात ‘लाउड’ आणि ‘लो’ दोन्ही आहेत: खळाळत्या नदीकाठचं टेकाड. स्कॉटलंडकडे हाच शब्द ‘लॉ’ होतो. डंडी शहरातल्या ‘डंडी लॉ’ या टेकडीचा कायद्याशी संबंध नाही. या ‘लो’चं मूळ टेकणं-कलणं या अर्थाच्या धातूत आहे, ज्यातून संस्कृतात ‘आश्रय’ आला. स्कॉट बोलीत ज्वाळेलाही ‘लो’ म्हणतात, तो उत्तरेकडच्या समुद्रापलीकडून आलेला चौथा. त्याचं नातं ‘लाइट’शी आणि आपल्या ‘रुच्’, म्हणजे प्रकाशणं, या धातूशी आहे. पाठ्यपुस्तकात तो भेटणार नाही, सोडून द्या.

‘बेलो’बद्दलही मुलं विचारतात, कारण ऐकायला तो ‘लो’ला ‘बे’ लावल्यासारखा वाटतो. तो जुना स्वतंत्र शब्द आहे, बैलाच्या किंवा वळूच्या मोठ्या आवाजाचा. चिडून ओरडणाऱ्या माणसालाही इंग्रजीत ‘बेलो’ चालतो. ‘लो’ माणसाला लावत नाहीत. अमेरिकेतल्या गुरंवाल्यांच्या बोलण्यात आईपासून तोडलेली वासरं ‘बॉल’ करतात. आज गोठ्यातला इंग्रज माणूस ‘लोइंग’ म्हणेल अशी अपेक्षा ठेवू नका. त्याच्या कानाला ते चर्चचं आणि कवितेचं वाटतं. नाताळात आपल्याकडच्या कॉन्व्हेंट शाळांतही गातात त्या ‘अवे इन अ मेंजर’मध्ये गुरं ‘लो’ करतात आणि बाळाला जाग येते. अमेरिकेत १८८० च्या दशकात छापलं गेलेलं आणि बरीच वर्षं मार्टिन लूथरच्या नावावर खपलेलं हे गाणं. तेव्हाही शब्द जुना वाटावा म्हणूनच निवडलेला असणार.

शेवटी मराठीचं. ग्रेची ‘एलेजी’ १७५१ मध्ये छापून आली. ‘द लोइंग हर्ड वाइंड स्लोली ओअर द ली’ ही ओळ. इथे ग्रेने ‘वाइंड’ लिहिलं आहे, कारण कळप म्हणजे अनेक गुरं. बऱ्याच पुस्तकांत तो ‘वाइंड्ज’ करून छापतात. गुरं एका रांगेत, वळत वळत, कुरणावरून जात आहेत. ‘लोइंग’, ‘स्लोली’, ‘ओअर’ असा लांब ‘ओ’ तीनदा येतो, आणि ग्रेने ‘मूइंग’ लिहिलं असतं तर ओळीचं हसं झालं असतं. ‘हंबरणं’ हाच मराठी शब्द. ‘हंबरत हंबरत गुरं कुरणावरून संथ वळणं घेत निघाली’ अशा वळणाचं काही चालेल. आपल्याकडे गाय हंबरते, म्हैस रेकते, बैल डुरकतो अशी वाटणी आहे. इंग्रजी ‘लो’ गाय-बैल दोघांनाही चालतो, म्हणून शमुवेलाच्या बैलांना मराठीत आणताना ‘डुरकणं’ मनात येईल. पण डुरकण्यात रग असते, ती तिथे नाही.

भाषांतर करणारे मराठी लोक इथे हमखास ‘गोरजवेळ’ आणतात. शब्द सुंदर आहे, वेळही तीच आहे. पण गोरज म्हणजे खुरांनी उडालेली धूळ, आणि ग्रेची गुरं इंग्लंडच्या ओल्या हिरव्या कुरणावरून चालली आहेत. तिथे धूळ उडत नाही. मी तो शब्द गाळते, जीव तुटला तरी.

‘हंबरडा’ही टाळा. हंबरणं गुरांकडे राहिलं आणि हंबरडा माणसांकडे आला. आता तो मयताच्या घरीच फुटतो. ग्रेच्या गुरांना कसलंही दुःख नाही, ती फक्त घरी चालली आहेत. तुमच्या अभ्यासक्रमात कीट्सची ग्रीक कलशावरची कविता असेल, तर तिथे ‘हेफर लोइंग अ‍ॅट द स्काइज’ भेटेल. ‘हेफर’ला गाय म्हणू नका, ती कालवड आहे, अजून न व्यालेली. हार घालून बळी द्यायला नेतात तिला. तिथे हंबरड्याचा मोह जास्त होईल, पण तिथेही नको. कीट्सने तिला रडवलेलं नाही, आभाळाकडे तोंड करून हंबरताना दाखवलं आहे. पुढचं काय ते वाचणाऱ्याला माहीत आहे, तिला नाही.

परीक्षेपुरतं त्या मुलीच्या वहीत ‘लोइंग: हंबरणारी’ एवढं पुरे. ‘मान खाली घालून’ हे तिला शेजारी कंसात ठेवायचं असेल तर राहू द्या, फक्त तो शब्दाचा अर्थ नाही, तिला दिसलेलं चित्र आहे, असं लिहून.